सोडलेली जागा आणि तिचा दंड

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या संपून नवे निवासी डॉक्टर रुजू झाले, की महिना-दोन महिन्यांत पुण्याच्या वैद्यकीय वर्तुळात एक वाक्य हमखास कानावर येऊ लागते : 'अमक्याने सीट सोडली.' ते ज्या सुरात म्हटले जाते त्यात थोडी कीव असते आणि बराचसा राग असतो. हा राग मागे उरलेल्या सहकाऱ्यांचा असतो, कारण गेलेल्याच्या वाट्याच्या रात्री आता त्यांच्या नावावर चढणार असतात. पाठोपाठ प्रश्न येतो, 'किती भरावे लागले?' पहिल्या वाक्यातला राग मला पूर्णपणे समजतो. या प्रश्नाने मात्र मी दर वर्षी अस्वस्थ होतो. पक्की झालेली प्रशिक्षणाची जागा सोडून जाणे ही साधी गोष्ट नाही आणि तसे करणाऱ्याला त्याचे परिणाम भोगावे लागले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. तितक्याच ठामपणे मला असेही म्हणायचे आहे, की हे परिणाम रुपयांत मोजण्याची आपली पद्धत अन्यायाची आहे आणि ज्या हेतूने ती आणली गेली तो हेतूही तिने साधत नाही.

जागा सोडल्याने नेमके काय घडते ते आधी सांगायला हवे, कारण बाहेरच्या माणसाला तो एका विद्यार्थ्याचा खासगी निर्णय वाटतो. मी या शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात २७ वर्षे शल्यचिकित्सा शिकवली. एका वर्षी आमच्या युनिटमध्ये पहिल्या वर्षाचे तीन निवासी डॉक्टर होते. त्यांपैकी एक जण दिवाळीच्या सुट्टीत गावी गेला तो परत आलाच नाही. तिघांत प्रत्येकाच्या वाट्याला तिसरी रात्र येत असे, ती उरलेल्या दोघांत एकाआड एक झाली. वॉर्डातल्या खाटा कमी झाल्या नाहीत, कॅज्युअल्टीत येणारे अपघाताचे रुग्ण कमी झाले नाहीत, आणि ड्रेसिंग, रक्ताचे नमुने, रक्तपेढीच्या चकरा, डिस्चार्ज कार्डे ही पहिल्या वर्षाच्या माणसाची कामे तर वाढतच गेली. जानेवारीत त्या दोघांतल्या मुलीला पहाटे चारच्या सुमारास टाके घालताना सुई टोचली. त्या रुग्णाच्या तपासणीचा अहवाल चिंताजनक आला आणि एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठी तिला २८ दिवस औषधे घ्यावी लागली. मळमळ सहन करत ती रोज राउंडला उभी राहत असे. ती सुई जागा सोडून गेलेल्या मुलामुळेच टोचली, असे मी म्हणणार नाही. पण एकाआड एक रात्र जागणाऱ्या हाताचा नेम चुकतो, एवढे मला शस्त्रक्रियेच्या टेबलावरून ठाऊक आहे.

दुसरे नुकसान कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. एमडी किंवा एमएसची जागा तीन वर्षांची असते. प्रवेशाची अंतिम तारीख उलटल्यावर ती भरता येत नाही, एका महाविद्यालयातून दुसऱ्यात बदली मिळत नाही आणि शाखाही बदलता येत नाही. त्यामुळे प्रवेशानंतर सुटलेली जागा केवळ त्या वर्षापुरती रिकामी राहत नाही. तिची पोकळी पहिल्या वर्षातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत जाते आणि शेवटी राज्याला मिळणारा एक तज्ज्ञ कमी होतो. यादीत त्या विद्यार्थ्याच्या खालोखाल असलेला, तीच शाखा मनापासून हवी असलेला आणि काही गुणांनी मागे पडलेला उमेदवार दुसऱ्या कुठल्या शाखेत गेलेला असतो किंवा पुन्हा एक वर्ष अभ्यासाला बसलेला असतो. २०२१-२२ च्या प्रवेशांत देशभरात पदव्युत्तरच्या १,४५६ जागा रिकाम्या राहिल्या. त्या भरण्यासाठी आणखी एक विशेष फेरी घ्यावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये फेटाळली, कारण फेऱ्या अशाच लांबत गेल्या तर शिक्षणाच्या दर्जावर आणि पर्यायाने लोकांच्या आरोग्यावर परिणाम होईल, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्या सगळ्या जागा कोणी सोडून गेल्यामुळे रिकाम्या नव्हत्या. त्यांतल्या बऱ्याच शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारख्या विषयांच्या होत्या, ज्यांना मुळात मागणीच कमी आहे. पण फेरी एकदा संपली की ती पुन्हा उघडत नाही, हा धडा जागा सोडणाऱ्यालाही तंतोतंत लागू होतो.

याला एक काळी बाजूही होती आणि अजूनही आहे. चांगल्या क्रमांकाचा उमेदवार खासगी महाविद्यालयातली जागा अडवून धरतो, शेवटच्या फेरीपर्यंत ती सोडत नाही आणि ऐनवेळी बाजूला होतो. मग ती जागा शेवटच्या क्षणी भलत्याच भावाने भरली जाते. या व्यवहारात दलाल असतात आणि काही ठिकाणी महाविद्यालयेही सामील असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली उत्तर प्रदेशाशी संबंधित एका प्रकरणात या जागा अडवण्याच्या प्रकारावर सविस्तर निर्देश दिले : देशभर प्रवेशाचे एकच वेळापत्रक असावे, खासगी आणि अभिमत संस्थांनी शिकवणी शुल्क, वसतिगृह, अनामत रक्कम असा सगळा खर्च आधीच जाहीर करावा, जागा अडवणाऱ्यांची अनामत जप्त व्हावी, वारंवार तसे करणाऱ्यांना पुढील परीक्षेला बसू देऊ नये आणि यात सामील असलेल्या महाविद्यालयांना काळ्या यादीत टाकावे. या निर्देशांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. जागा पक्की करताना दिलेला शब्द पाळला गेला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही.

शंका पुढच्या टप्प्यावर सुरू होते. शब्द पाळला जावा म्हणून आपण काय करतो? विद्यार्थ्याकडून शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर बंधपत्र लिहून घेतो, त्यात एक रक्कम भरतो आणि त्याची मूळ प्रमाणपत्रे कपाटात कुलूपबंद ठेवतो. मध्य प्रदेशात जागा सोडण्यासाठी ही रक्कम ३० लाख रुपयांपर्यंत नेण्यात आली होती. खासगी संस्थांत बहुधा उरलेल्या सगळ्या वर्षांचे शुल्क मागितले जाते, आणि त्याला आधार म्हणून २००३ च्या इस्लामिक अकॅडमी खटल्यातील निकालाकडे बोट दाखवले जाते. त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एका वेळी एका वर्षाहून अधिक शुल्क घेऊ नये असे बजावले होते. मात्र विद्यार्थी मध्येच जाईल अशी भीती असेल तर उरलेल्या शुल्कासाठी फार तर बंधपत्र किंवा बँक हमी घेता येईल, असेही म्हटले होते. त्यातले 'फार तर' कालांतराने गळून पडले आणि बंधपत्र तेवढे उरले.

येथे एक गोंधळ दूर करायला हवा, कारण त्याच्या आडून बरेच चुकीचे युक्तिवाद केले जातात. आपल्याकडे 'बॉण्ड' या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. सरकारी महाविद्यालयात नाममात्र शुल्कात शिकलेल्याने शिक्षण संपल्यावर काही काळ सरकारी रुग्णालयात सेवा द्यावी, हे एक बंधपत्र. महाराष्ट्रात ते मोडल्यास एमबीबीएससाठी १० लाख, पदव्युत्तर पदवीसाठी ५० लाख आणि अतिविशेषोपचार शाखांसाठी २ कोटी रुपये असा दंड ठरवण्यात आला होता. सेवेची अशी सक्ती वैध आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये स्पष्ट केले. वानवडीच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाला आपण पुढे सैन्यदलात सेवा करणार आहोत हे पहिल्या दिवसापासून माहीत असते, आणि त्यात लपवाछपवी काहीच नसते. या सेवेच्या बंधपत्राबद्दल माझी तक्रार नाही. जनतेच्या पैशातून शिकलेल्याने जनतेचे देणे फेडावे, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप दुसऱ्या बंधपत्राला आहे, म्हणजे शिक्षण पूर्ण होण्याआधीच जागा सोडणाऱ्याकडून वसूल केल्या जाणाऱ्या रकमेला. पहिल्यात विद्यार्थ्याने शिक्षण घेतलेले असते आणि त्याची परतफेड करायची असते. दुसऱ्यात त्याला शिक्षण मिळालेलेच नसते, पदवीही मिळणार नसते, आणि जितके महिने तो राहिला तितके महिने त्याने वॉर्डात राबून विद्यावेतनाच्या कितीतरी पट काम केलेले असते.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७४ या दोन्हींत फरक करायला मदत करते. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी करार मोडल्यावर तेवढी सगळी रक्कम आपोआप मिळत नाही. त्या मर्यादेत वाजवी ठरेल एवढीच भरपाई मिळते, असा त्या कलमाचा मुख्य नियम आहे. त्याला एक अपवाद आहे : कायद्यान्वये किंवा सरकारच्या आदेशान्वये, जनतेचे हित गुंतलेल्या एखाद्या कर्तव्यासाठी बंधपत्र दिले असेल, तर त्यातली संपूर्ण रक्कम देणे लागते. लगेच खाली असेही स्पष्टीकरण आहे, की सरकारशी करार केला एवढ्यानेच माणसाने सार्वजनिक कर्तव्य अंगावर घेतले असे होत नाही. ग्रामीण रुग्णालयातली एक वर्षाची सेवा या अपवादात सहज बसते. खासगी अभिमत विद्यापीठाच्या कार्यालयात सही करून दिलेले, अस्थिरोग शाखेत तीन वर्षे टिकून राहण्याचे वचन त्यात कसे बसेल, हे मला तरी उमगत नाही. मी वकील नाही. पण दीड शतकापूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनी जो भेद जाणला होता, तो आजच्या प्रवेशपुस्तिका लिहिणाऱ्यांनी पुसून टाकला आहे, असे मला वाटते.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी पैशाचा दंड काय करतो ते पाहावे. गेल्या वर्षी इंदापूरजवळचे एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा दुसऱ्या शहरातल्या एका महाविद्यालयात अस्थिरोग शाखेत रुजू होऊन अकरावा आठवडा चालू होता. त्याला मनोविकारशास्त्र हवे होते, पण त्याच्या क्रमांकाला शेवटच्या फेरीत जे मिळाले ते त्याने घेतले. रात्रीची दोन-तीन तासांची झोप, वरिष्ठांची शिवीगाळ आणि जे शिकायचे त्याची मुळीच ओढ नाही, अशा अवस्थेत तो माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. वडील त्याच्यावर रागावले नव्हते. त्यांनी खिशातून बंधपत्राची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली, तिच्यातल्या आकड्यावर बोट ठेवले आणि विचारले, "सर, दोन एकर विकावे लागतील. विकू का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच वर्षी माझ्या माहितीतल्या आणखी एका मुलाने सीट सोडली होती. त्याच्या वडिलांचे शहरात स्वतःचे रुग्णालय आहे. त्यांनी पैसे भरले, कागदपत्रे ताब्यात घेतली आणि मुलगा पुढच्या परीक्षेच्या तयारीला लागला. दोघांनीही सारखाच शब्द दिला होता आणि दोघांच्याही मागे सारखीच पोकळी राहणार होती. पण एकासाठी तो दंड शिक्षणखर्चातली एक रक्कम होती आणि दुसऱ्यासाठी ती जमीन होती.

म्हणून मी म्हणतो, की पैशाचे बंधपत्र कोणाला बांधत नाही. ते सुटण्याचा भाव ठरवते. ज्याला तो परवडतो तो मोकळाच असतो आणि ज्याला परवडत नाही तो अडकतो. ज्यांना खरोखर रोखायला हवे, म्हणजे चांगले क्रमांक असलेले, घरचे सधन, एक वर्ष थांबून आणखी वरची शाखा मिळवू पाहणारे उमेदवार, त्यांच्यावर या दंडाचा परिणाम सर्वात कमी होतो. आणि ज्यांनी खरोखर जायला हवे, म्हणजे आजारी, खचलेले, चुकीच्या शाखेत अडकलेले, ते तीन वर्षे खेचत राहतात. त्यांच्या हाती रुग्ण असतात, ही गोष्ट आपण सहसा बोलून दाखवत नाही.

अमेरिकेत ही बांधिलकी वेगळ्या पायावर उभी आहे, आणि तिच्याकडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. तेथे १९४० च्या दशकात रुग्णालये विद्यार्थ्यांना पटकावण्यासाठी इतकी घाई करू लागली, की पदवीला दोन वर्षे बाकी असतानाच जागा देऊ केल्या जात आणि पुढे पुढे उत्तर देण्यासाठी काही तासही मिळेनासे झाले. त्यावर तोडगा म्हणून १९५२ पासून उमेदवार आणि रुग्णालये दोघांच्याही पसंतीच्या याद्या एकत्र करून जुळणी करण्याची पद्धत सुरू झाली. आज ती नॅशनल रेसिडेन्ट मॅचिंग प्रोग्रॅम या नावाने चालते आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी तिचा निकाल लागतो. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये अशा जुळणीचा सिद्धान्त मांडला, पुढे अल्विन रॉथ यांनी ती प्रत्यक्षात कशी चालते याचा अभ्यास करून नव्वदच्या दशकात तिची पुनर्रचना केली, आणि रॉथ व शॅप्ली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या पद्धतीत जुळणी झाली की ती बंधनकारक असते. मात्र हे बंधन दोन्ही बाजूंना सारखेच लागू असते : उमेदवाराला जागा नाकारता येत नाही, तसा रुग्णालयालाही उमेदवार नाकारता येत नाही. दोघांनी आपसांत ठरवले तरी ते एकमेकांना मोकळे करू शकत नाहीत. त्यासाठी जुळणी करणाऱ्या संस्थेकडे अर्ज करावा लागतो आणि गंभीर अडचण असल्यास तीच सूट देते. सूट नसताना जो जागा नाकारतो त्याला पुढील एका किंवा अधिक वर्षांसाठी जुळणीत भाग घेता येत नाही आणि त्याच्या नावापुढे तशी नोंद राहते. उमेदवाराला होणारी मुख्य शिक्षा ही आहे, आणि ती श्रीमंताला व गरिबाला सारखीच लागते, कारण वर्ष विकत घेता येत नाही.

त्या नियमांतली मला सर्वात शहाणपणाची वाटणारी तरतूद तुलनेने लहान आहे. प्रशिक्षण सुरू झाल्यापासून ४५ दिवस काम केले की जुळणीची बांधिलकी पूर्ण झाली, असे मानले जाते. त्यानंतर कोणी गेला, तर तो त्याच्या आणि रुग्णालयाच्या कराराचा प्रश्न असतो. याचा अर्थ असा, की व्यवस्था माणसाकडून तीन किंवा पाच वर्षांचे आयुष्य लिहून घेत नाही. तू दिलेल्या शब्दाप्रमाणे ये, प्रामाणिकपणे काम सुरू कर, एवढेच ती मागते. ती पद्धत निर्दोष आहे असे मात्र मी म्हणत नाही. ती निवासी डॉक्टरांचे वेतन दाबून ठेवते, असा दावा २००२ मध्ये तेथील न्यायालयात दाखल झाला होता, आणि २००४ मध्ये संसदेने कायदा करूनच त्या पद्धतीला संरक्षण दिले. पण तिच्या मुळाशी एक गोष्ट आहे, जी आपण उचलायला हवी : तेथला उमेदवार ज्या रुग्णालयांना पसंती देतो, तेथे त्याची मुलाखत झालेली असते, तेथल्या निवासी डॉक्टरांशी तो बोललेला असतो आणि मगच तो यादी करतो.

आपल्याकडचा उमेदवार काय करतो? तो संगणकासमोर बसून शेकडो पर्यायांची यादी भरतो. त्यातली बहुतेक महाविद्यालये त्याने कधी पाहिलेली नसतात. यादी लागते, आणि काही दिवसांत त्याला सगळी कागदपत्रे घेऊन एखाद्या अनोळखी गावी हजर व्हावे लागते. तेथे आठवड्याला किती तास काम आहे, वसतिगृहात खोली मिळते की नाही, विद्यावेतन वेळेवर मिळते का, गेल्या तीन वर्षांत तेथून किती जण सोडून गेले, हे त्याला कोणीही अधिकृतपणे सांगत नाही. तो माहिती काढतो ती वरिष्ठांच्या व्हॉट्सअॅप गटांतून, म्हणजे ऐकीव गोष्टींतून. बंधन जितके घट्ट, तितकी ते स्वीकारण्याआधी मिळणारी माहिती पुरी असली पाहिजे. येथे बंधन सर्वात घट्ट आहे आणि माहिती जवळजवळ शून्य. सर्वोच्च न्यायालयाने शुल्क आधीच जाहीर करायला लावले, तसेच ड्युटीचे तास आणि सोडून गेलेल्यांची संख्याही प्रत्येक विभागाने जाहीर करावी, असे मला वाटते. ज्या विभागातून दर वर्षी कोणीतरी जातेच, त्या विभागाबद्दल ती संख्या पुरेसे बोलेल.

दुसरी बाजू, म्हणजे महाविद्यालय, किती मोकळी आहे, तेही पाहू. निवासी डॉक्टरांच्या सलग कामाची मर्यादा दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ४८ तास असावी, असे केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत कामाचे 'वाजवी तास', साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला २० दिवसांची नैमित्तिक रजा आहे. तासांचा आकडा मात्र नाही. आयोगाच्याच मानसिक आरोग्यविषयक कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. १९९२ मधल्या ४८ चे २०२४ पर्यंत ७४ झाले, आणि तेवढ्यावरही समाधान मानावे असे वाटण्याइतकी प्रत्यक्षातली स्थिती वाईट आहे. विद्यार्थ्याने शब्द मोडला तर लाखांचा दंड आणि महाविद्यालयाने नियम मोडला तर फार तर एखादे कारणे दाखवा पत्र, अशा व्यवस्थेला करार म्हणणे मला कठीण जाते. मार्ड या महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने गेल्या अनेक वर्षांत जे संप केले त्यांच्या मागण्यांत विद्यावेतन आणि वसतिगृह पुन्हा पुन्हा का येतात, याचेही उत्तर येथेच आहे.

जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सर्व राज्यांना पत्र पाठवून जागा सोडण्याच्या बंधपत्राचा फेरविचार करण्यास सुचवले. या रकमांमुळे विद्यार्थ्यांवर असह्य ताण येतो आणि आपली घुसमट ते बोलूनही दाखवू शकत नाहीत, अशी त्यामागची भूमिका होती. दंडाऐवजी अशा विद्यार्थ्याला त्या राज्यात एक वर्ष प्रवेश देऊ नये, असा पर्याय त्या पत्रात होता. दिशा योग्य आहे, पण माझ्या मते तो पर्याय दोन ठिकाणी अपुरा आहे. राज्यापुरती बंदी घातली, तर अखिल भारतीय कोट्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्याला ती लागतच नाही. बंदी देशभर आणि पुढच्या एका पूर्ण प्रवेशचक्राची असावी. आणि आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू किंवा छळ यांमुळे जाणाऱ्याला तीही लागू होऊ नये. त्यांच्यासाठी सुटकेचे दार असले पाहिजे आणि त्या दाराची किल्ली महाविद्यालयाकडे नसावी. ज्या विभागप्रमुखाच्या छळाला कंटाळून मुलगी जाऊ पाहते, त्याच्याच शिफारशीवर तिची सुटका अवलंबून ठेवणे क्रूरपणाचे आहे. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने त्या महाविद्यालयाबाहेरचे दोन ज्येष्ठ अध्यापक, एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक न्यायिक अधिकारी यांची समिती नेमावी, ठरलेल्या मुदतीत तिने अर्ज निकाली काढावेत आणि अभिमत विद्यापीठांनाही तिचा निर्णय बंधनकारक असावा.

मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच, पडताळणी झाल्यावर मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊ नयेत, असे उच्च शिक्षणसंस्थांना बजावले आहे. एमबीबीएसची पदवी त्या मुलाची असते. ती तारण म्हणून ठेवून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

माझ्याच वयाचे सहकारी यावर एक आक्षेप घेतील आणि तो हलका नाही. दार उघडले तर सगळेच पळतील, सरकारी रुग्णालयातल्या कष्टाच्या शाखा ओस पडतील आणि शेवटी गरीब रुग्णच भोगेल, असे ते म्हणतील. या भीतीत तथ्य नसते, तर मी त्या मुलीच्या २८ दिवसांबद्दल लिहिलेच नसते. पण दंड जास्त आहे म्हणून जो थांबला आहे, तो कसा थांबला आहे हेही आपण पाहिले आहे. तो राउंडला असतो आणि नसतोही. त्याचे काम उरलेले दोघे करतात, फक्त हजेरीपटावर तिघांची नावे असतात. शिवाय हा प्रश्न बऱ्याच अंशी वेळेचा आहे. ज्याला जायचे असते त्याला ते बहुधा पहिल्या काही आठवड्यांत कळून चुकते. रुजू झाल्यापासून पहिल्या ३० दिवसांत आर्थिक दंडाशिवाय जागा सोडता आली आणि ती त्याच फेरीच्या प्रतीक्षायादीतून लगेच भरता आली, तर पोकळी राहणारच नाही. त्यासाठी प्रवेशाची अंतिम तारीख महिनाभर पुढे न्यावी लागेल. न्यायालये या तारखेबाबत कठोर आहेत, आणि २०२२ चा अनुभव पाहता ते स्वाभाविक आहे. पण तेव्हा प्रश्न वर्ष उलटल्यावर फेरी घेण्याचा होता. येथे वेळापत्रक आखतानाच एक शेवटची बदली फेरी त्यात धरायची आहे. नंतर उशिरा आलेल्या विद्यार्थ्याचा एक महिना बुडेल, हे खरे. तीन वर्षे रिकाम्या राहणाऱ्या जागेपुढे ते नुकसान लहान आहे.

३० दिवसांनंतर मात्र मी सैल होणार नाही. समितीची सूट नसताना, केवळ पुढच्या वर्षी याहून चांगली शाखा मिळेल या आशेने जो जाईल, त्याने एक पूर्ण वर्ष परीक्षेबाहेर राहावे. त्याच्याकडून एक रुपयाही घेऊ नये आणि एक दिवसही माफ करू नये. रुग्णालय चालवणाऱ्या बापाच्या मुलाला ही शिक्षा आजच्या दंडापेक्षा कितीतरी जड वाटेल, आणि इंदापूरच्या मुलाला ती झेपेल. महाविद्यालयांसाठीही हाच न्याय असावा : ज्या विभागाविरुद्ध छळाच्या किंवा तासांच्या तक्रारी सिद्ध होतात, त्याच्या पुढच्या वर्षीच्या जागा कमी व्हाव्यात. विभागाला त्याची झळ पैशाच्या दंडाहून जास्त बसेल, कारण पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांशिवाय विभाग चालत नाही.

इंदापूरचा तो मुलगा परत गेला. वडिलांनी जमीन विकली नाही. ती विकावी लागू नये म्हणूनच तो गेला, असे त्याने मला निघताना जिन्यात सांगितले आणि ते वडिलांना कळवू नका, असेही सांगितले. आता तो दुसऱ्या वर्षात आहे. दिवाळीत त्याचा फोन आला होता. प्लास्टर आता नीट घालता येते, म्हणाला. मनोविकारशास्त्राचा विषय त्याने काढला नाही आणि मीही काढला नाही.